मेमरी डिस्कवरच्या ओव्या

मीनाक्षीने सर्व्हर रूमचं दार उघडलं, तेव्हा तो बाहेर जमिनीवर मांडी घालून संत्रं सोलत बसला होता. खिडकीतून आलेलं जानेवारीचं मऊ ऊन त्याच्या एका खांद्यावर विसावलं होतं.

"सर्व्हरवाले साहब कब आएँगे?" त्याने विचारलं.

"सर्व्हरवाली मैं ही हूँ," ती म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. "हो आई... डबा विसरले गं. असू दे, कँटीनमध्ये खाईन."

फोन ठेवून ती वळली, तर तो अर्धं संत्रं पुढे करून उभा होता.

"घ्या. डबा विसरलात ना?"

त्या मराठीचा हेल तिच्या घरातला नव्हता. थोडा रुंद, थोडा उन्हातला... तिने संत्रं घेतलं, आणि मग आपण एका अनोळखी माणसाचं संत्रं का घेतलं, याचं तिला आश्चर्य वाटत राहिलं.

त्याचं नाव श्रीरंग. मूळचा फलटणचा. लोकगीतांच्या नोंदी ठेवणाऱ्या या सरकारी कार्यालयात वर्षभराच्या फेलोशिपवर आला होता आणि फरीदाबादला एक खोली घेऊन राहत होता. मीनाक्षी मात्र पक्की दिल्लीची. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये जन्मली, तिथेच वाढली. वडील मंत्रालयात. घरात मराठी होती, पण तिच्या वाट्याला आलेल्या मराठीत मधले मधले शब्द गळून गेले होते.

"काय अडलंय तुमचं?" तिने विचारलं.

"आवाज साफ करायचेत. कँटोन्मेंटमध्ये कृष्णाबाई म्हणून आहेत, माण तालुक्यातल्या. मुलगा सुभेदार. त्यांच्या ओव्या मी दर रविवारी रेकॉर्ड करतो. पण मागे लष्कराच्या गाड्या, कुत्री, कुकरच्या शिट्ट्या... सगळं काढायचं म्हणजे तुमच्या मशीनवर एका ओवीला चाळीस मिनिटं लागतात."

"ओवी म्हणजे?"

"जात्यावर म्हणतात ती."

"कुठे जाताना?"

तो हसला. आवाज न करता, फक्त डोळ्यांनी. "जातं. दळायचं. दोन गोल दगड असतात बघा, एकावर एक—"

"अच्छा, चक्की."

"चक्कीच. पण कृष्णाबाईंच्या समोर म्हणू नका."

त्या दुपारी तिने त्याचं काम नीट पाहिलं. प्रोग्रॅम एकेका ओवीचे हजारो बारके तुकडे करायचा, प्रत्येक तुकडा हार्ड डिस्कवर लिहायचा आणि पुन्हा वाचायचा. जुनी डिस्क बिचारी दमून जायची. मशीनमध्ये रॅम मात्र भरपूर रिकामी पडली होती.

"मेमरी डिस्क करू या," ती म्हणाली.

तो खुर्ची ओढून शेजारी बसला. तिने भराभर तीन ओळी टाइप केल्या. "हे बघा, रॅममधून एवढा तुकडा बाजूला काढला. मशीनला सांगितलं, ही डिस्क समज. मग तिच्यावर फाइल सिस्टिम घातली, आणि आता या फोल्डरला जोडून दिली. झालं."

"आणि मशीन विश्वास ठेवतं?"

"बिल्कुल. त्याला फरकच कळत नाही."

"फार भोळं आहे हो तुमचं मशीन."

"सगळेच भोळे असतात," ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेवा. मशीन बंद झालं, की जातं."

तो पुन्हा तसाच डोळ्यांनी हसला. त्याला वाटलं, 'जातं' शब्दावरून ही आपल्याला चिडवतेय. आणि तो हसला म्हणून तिला वाटलं, याला समजलं.

चाळीस मिनिटांची ओवी तीन मिनिटांत साफ होऊ लागली. मग तो रोज वर येऊ लागला. कधी संत्री, कधी भाजलेले शेंगदाणे, कधी नुसताच एखादा शब्द घेऊन. "आजचा शब्द, उखळ," तो दारातूनच म्हणायचा. एसीच्या गारठ्यात शाल पांघरून बसलेली ती शब्द ऐकायची आणि अर्थ भलताच सांगायची. कधीकधी मुद्दाम... कारण ती चुकली की तो समजावत बसायचा, आणि त्याचा आवाज त्या थंड खोलीत उन्हासारखा हळूहळू पसरायचा.

दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी इमारतीतली वायरिंग बदलायला वीज बंद होणार होती. मीनाक्षीने सगळ्यांना सूचना पाठवली, मशीन रीतसर बंद केलं आणि शुक्रवारी सकाळी पुन्हा चालू केलं.

अकराच्या सुमाराला श्रीरंग तिच्या टेबलाशी आला. हात रिकामे.

"फोल्डर रिकामा दिसतोय," तो म्हणाला.

"मेमरी डिस्क ना ती. बंद केल्यावर जाणारच. तुमच्या मूळ फायली कुठे आहेत?"

"तिथेच होत्या."

"कॉपी तिथे. मूळ?"

"मूळच तिथे हलवल्या होत्या. रेकॉर्डरच्या कार्डात जागा नव्हती, म्हणून कार्ड पुसलं." त्याने हात टेबलावर टेकले. "एकेचाळीस ओव्या होत्या."

"मी सांगितलं होतं, श्रीरंग. बंद झालं, की जातं..."

"ते?" तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही थट्टा करताय."

मग त्याने शांतपणे सांगितलं, की सुभेदारांची बदली झालीय आणि कृष्णाबाई रविवारी दुपारच्या गाडीने गावी जाणार आहेत, कायमच्या. त्यांच्यानंतर त्या घरात ओव्या येणारं कुणी नव्हतं.

"ठीक आहे मॅडम," तो म्हणाला आणि खाली निघून गेला.

त्या 'मॅडम'मुळे तिला जेवण गेलं नाही. चूक कुणाची, हे ती दिवसभर स्वतःला विचारत राहिली, आणि दर वेळी उत्तर अर्धं अर्धंच येत होतं. संध्याकाळी ती खालच्या मजल्यावर, तो काम करायचा त्या खोलीत गेली. तो रेकॉर्डरमध्ये नव्या बॅटऱ्या घालत होता.

"उद्या कृष्णाबाईंकडे मीही येते," ती म्हणाली. "नाही म्हणू नका."

तो नाही म्हणाला नाही.

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की कँटोन्मेंटच्या रस्त्याकडेची कडुलिंबाची झाडं जवळ आल्यावरच झाडं व्हायची. क्वार्टरच्या मागच्या अंगणात अर्धं सामान बांधून ठेवलेलं होतं. ट्रंका, गाठोडी, दोरखंड... आणि मधोमध जातं. कृष्णाबाई सत्तरीच्या, नाकीडोळी धारदार.

"पुसलं व्हय सगळं?" त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं. "मंग आता कसं? तेच तेच परत यायचं न्हाई बाबा. त्या दिशी आलं ते आलं. आज काय येईल ते येईल."

"येईल ते चालेल," श्रीरंग म्हणाला.

"आन जोडीला कोन बसंल? सून सामान बांधतीया. एकटीनं दळताना दम पुरत न्हाई." त्यांची नजर मीनाक्षीवर थांबली. "ए लेकी, ये बस हितं."

मीनाक्षी बसली. खुंट्याला चार हात लागले आणि जातं फिरू लागलं. पहिल्यांदा तिचा हात उलटाच ओढत होता, मग हळूहळू दोघींचं जमलं. ज्वारीचं पीठ शुभ्र झालरीसारखं कडेने झरू लागलं. आणि कृष्णाबाईंचा आवाज, बोलताना खरखरीत असलेला, दगडाच्या घरघरीत मिसळला की असा काही वर यायचा, की मीनाक्षीला शब्द समजायच्या आधीच डोळे भरून येत होते. सासरच्या, माहेरच्या, सीमेवर गेलेल्या लेकाच्या... काही जुन्या ओव्या परत आल्या. काही आल्याच नाहीत. काही अगदी नव्या आल्या.

धुकं विरलं. अंगणात ऊन उतरलं. समोर ट्रंकेवर श्रीरंग कानाला हेडफोन लावून बसला होता. रेकॉर्डरकडे बघायचं सोडून तो भलतीकडेच बघत होता. कृष्णाबाईंनी ते पाहिलं. जातं न थांबवता त्यांनी सूर धरला—

"दिल्लीच्या गं उन्हामंदी जातं माझं घरघरं,
समोर बसला कोन, सांग लेकी खरंखरं..."

मीनाक्षीचा हात मंदावला. जातं एकदा फिरलं, अजून एकदा, आणि थांबलं. तिने खाली पिठाकडे पाहिलं. ओठ उघडले... आणि मिटले.

"बरं ऱ्हाऊ दे," कृष्णाबाई हसून म्हणाल्या आणि पुढची ओवी घेतली.

सोमवारी सकाळी तिने नवी मेमरी डिस्क केली. या वेळी नाव ठेवलं 'कच्चा', आणि दर दहा मिनिटांनी त्यातलं सगळं आपोआप हार्ड डिस्कवर उतरेल अशी सोय लावून ठेवली. मूळ फायलींच्या दोन सीडी आधीच कपाटात गेल्या होत्या. श्रीरंग वर आला. एकोणतीस ओव्या होत्या. काल स्टेशनवर कृष्णाबाईंना गाडीत बसवताना त्याने त्यांना आकडा सांगितला होता. त्या म्हणाल्या होत्या, लई झाल्या.

एकच हेडफोन होता. एक कान त्याचा, एक तिचा. केसांना केस लागतील एवढं अंतर. ओव्या एकामागून एक साफ होत गेल्या, आणि मग ती आली. दिल्लीच्या गं उन्हामंदी... प्रश्न. मग जात्याची मंदावत गेलेली घरघर, आणि पुढे काहीच नाही. दूर कुठेतरी एक पाखरू तेवढं बोलत होतं.

त्याने आवाज थांबवला.

"हा तुकडा... कापू का? ओवी तर संपलीय."

मीनाक्षी स्क्रीनकडेच बघत होती.

"कापू नकोस," ती म्हणाली.

त्याने मान वळवली. तुम्हीचं तू कधी झालं, हे दोघांनाही एकदमच कळलं असावं.

"शुक्रवारी मी तुला मॅडम म्हणालो," तो म्हणाला. "फरीदाबादला पोचेपर्यंत त्याचंच वाईट वाटत होतं. ओव्यांचं नंतर आठवलं. तेव्हाच समजलं मला."

"काय समजलं?"

"की मला तू हवी आहेस, मीनाक्षी. मार्चमध्ये फेलोशिप संपते. फलटणला जायचं ठरवलं होतं. आता इथेच काहीतरी शोधतो... तू म्हणत असशील तर." त्याने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "शनिवारी तू काहीच बोलली नाहीस, म्हणून विचारायला धीर होत नव्हता."

"उत्तर होतं माझ्याजवळ."

"मग दिलं का नाहीस?"

"तुझा रेकॉर्डर चालू होता. पुढे ते आपल्या ऑफिसात शंभर लोक ऐकणार." ती आता वळली. तिच्या कानांच्या पाळ्या तांबूस झाल्या होत्या. "आधी तू ऐकायला हवंस."

तिने त्याच्या कानावरचा हेडफोन अलगद काढला आणि वाकून दोनच शब्द सांगितले.

त्याने तिचा हात हातात घेतला. खुंटा ओढून तळव्यावर आलेला लालसर फोड त्याला दिसला, तशी पकड आपोआप सैल, हलकी झाली.

"रविवारी घरी जेवायला ये," ती म्हणाली. "सरोजिनी नगर. आईला मी कालच सांगितलंय."

"काय सांगितलंयस?"

"समोर कोण बसला होता ते."