चौथं शील

विवेकने डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि कुणाला काही विचारण्याआधीच त्याची नजर सरळ आपल्या थोरल्या बहिणीवर येऊन थांबली.

आषाढी पौर्णिमेची दुपार होती. जयमाला पांढरं पातळ नेसून पडवीत भिंतीला टेकून बसली होती. सकाळीच वाडीतल्या विहारात भंतेजींसमोर तिनं इतर उपासिकांबरोबर अष्टशील घेतलं होतं. मध्यान्ह टळल्यापासून उद्याचा दिवस उगवेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हे त्यातलंच एक व्रत. डब्यातल्या ओल्या नारळाच्या वड्या तिनंच आदल्या दिवशी खपून केल्या होत्या, भंतेजींच्या दुसऱ्या दिवशीच्या भोजनदानासाठी. आता डब्याच्या तळाशी नुसता चुरा उरला होता.

"ताई, वड्या कुठं गेल्या?" विवेकने विचारलं. तो शाळामास्तर, विहार समितीचा चिटणीस. त्याचा आवाज कधी चढत नसे. चढला असता तर बरं झालं असतं, असं जयमालाला वाटलं... कारण त्या शांत आवाजात उत्तर आधीच ठरलेलं होतं.

तिची नजर नकळत स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दाराआड मैत्री उभी होती. विवेकची एकुलती एक लेक. ओठांच्या कोपऱ्याला खोबऱ्याचा पांढरा कण, आणि डोळे भीतीनं विस्फारलेले. पनवेलची मंडळी तिला पाहायला येणार होती. मध्यस्थानं आडून सुचवलं होतं, की मुलगी शिकलेली आहे, स्वभावाची गुणी आहे, फक्त अंगानं थोडी उतरली तर बरं. त्या दिवसापासून विवेकने लेकीच्या ताटात काकडी आणि उकडलेले मूग याखेरीज काही पडू दिलं नव्हतं. पोर चक्कर येऊन मोरीत बसायची, आणि बाप म्हणायचा, सवय होईल.

 जयमाला म्हणाली, "मी खाल्ल्या."

विवेकने डोळे मिटून घेतले. "निदान आजचा दिवस तरी, ताई..." एवढंच बोलून त्यानं डबा खाली ठेवला आणि तो पायऱ्या उतरून गेला.

जयमाला तशीच बसून राहिली. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. लहानपणापासून पाळत आलेलं ते शील तिनं एका शब्दात मोडलं होतं. आणि मोडल्याचं दुःख होत असतानाच दाराआडची पोर वाचली याचं समाधानही वाटत होतं, आणि त्या समाधानाचीच तिला अधिक लाज वाटत होती!

जयमाला पहिल्यापासून अंगानं दांडगी. तरुणपणी तिला पाहायला आलेले लोक चहा पिऊन, वड्या खाऊन, तिच्या हाताची तारीफ करून जात आणि मग निरोप धाडत, की मुलगी चांगली आहे, पण... त्या 'पण'पुढचं कुणी बोलत नसे. असे निरोप येत राहिले आणि एके दिवशी यायचे थांबले. पुढे विवेकची बायको तापाचं निमित्त होऊन गेली, तेव्हा मैत्री पाळण्यात होती. तिला उचलून छातीशी धरताना जयमालाला पहिल्यांदा वाटलं, की आपलं हे रुंद, मऊ, जगाला नको असलेलं शरीर कुणाच्या तरी विसाव्याचं आहे. पोर तिच्या कुशीत शिरली आणि तिथंच वाढली. शाळेतल्या मुलांची खिचडी शिजवून जयमाला घरी येई, तेव्हा मैत्री पायरीवर वाट पाहत बसलेली असे.

विवेक सचोटीचा माणूस. त्यानं समितीत सगळं जसंच्या तसं सांगितलं, आपल्या घरातून चूक झाली म्हणून हात जोडले. त्या वेळी आपण बहिणीचं काय करतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

महिला मंडळाच्या अध्यक्षा होत्या रखमाबाई. वयानं थोर, काटक, उपोसथाचा उपवास कधी न चुकवणाऱ्या, मनानं वाईट मुळीच नव्हेत. त्या स्वतः घरी आल्या आणि जयमालाजवळ बसून मायेनंच म्हणाल्या, की वर्षावासाचे पावसाळी तीन महिने संपेपर्यंत भोजनदानाचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करेल, तू जरा थांब, आधी जिभेवर ताबा येऊ दे. "राग न्हाय गं माझा तुझ्यावर," त्या म्हणाल्या. "पन तृष्णा मानसाच्या अंगावर दिसते, ती झाकता येत न्हाय."

जयमालानं मान हलवली. त्या गेल्यावर तिनं पांढरं पातळ धुतलं, वाळवलं आणि घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं.

पुढच्या रविवारी भंतेजींनी धम्मदेसनेत भोजनातल्या संयमाबद्दल सांगितलं. त्यांना कशाची कल्पना नव्हती. पण समोर बसलेल्या बायकांच्या माना एकेक करून मागे वळल्या, दाराजवळ बसलेल्या जयमालाकडे. कुणी हसलं नाही. एकीनं नुसता पदर तोंडाला लावला. त्यानंतर जयमाला विहारात गेली नाही. संध्याकाळी लाउडस्पीकरवरून वंदनेचे शब्द सुपारीच्या वाडीतून तिच्यापर्यंत येत, आणि ती चुलीपाशी बसून पुटपुटत साथ देई. चौथ्या शीलापाशी आली, की तिचे ओठ मिटत.

मैत्री त्या दिवसांत आतून जळत होती. तिनं कितीदा तरी आत्याचे पाय धरले, की मला बाबांना सांगू दे. जयमाला ऐकायची नाही. बाप शाळेत गेला, की ती भाचीसाठी भाकरी थापायची, कोलंबीचं कालवण वाढायची आणि तिला पुढ्यात बसवून जेवू घालायची. म्हणायची, लपून खाऊ नकोस, बाळा, मांडी घालून उजेडात बसून खा.

"पण आत्या, सगळे तुलाच नावं ठेवतात..."

"ठेवू देत," जयमाला तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "एकदा बाईच्या अंगाला नाव चिकटलं, की निघत नाही. तुझं अजून कोरं आहे. माझ्यावर आणखी एक चिकटलं, तर कुणाला दिसणार आहे?"

ती हे बोलली तेव्हा तिला धाप लागत होती. पावलं सुजायची, उताणं झोपलं की जीव घाबरायचा. श्रीवर्धनला ती एका डॉक्टरकडे गेलीही होती. त्यानं छातीला नळी न लावता वजनकाट्याकडे बोट केलं आणि आधी वीस किलो कमी करून या, असं सांगून पुढच्या माणसाला हाक मारली. तेव्हापासून तिनं दुखण्याचा उच्चार केला नाही. आपल्या प्रत्येक वेदनेचं उत्तर लोकांकडे तयारच आहे, मग विचारायचं कशाला?

श्रावण सरता सरता पनवेलची मंडळी आली. जयमालाला विवेकने आतच थांबायला सांगितलं. तो तसं स्पष्ट बोलला नाही. चहाचं तू बघ, बाहेरचं मी बघतो, असं म्हणाला. पण तिला कळलं... आत्याकडे पाहून त्यांनी भाचीचं उद्याचं रूप ताडू नये, एवढाच त्याचा हेतू होता. ती चुलीपाशी बसून राहिली. बाहेरची मंडळी गोड बोलली, चहा प्याली आणि संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी चांगली आहे, पण...

विवेक खुर्चीत कोसळल्यासारखा बसला. इतक्या दिवसांचा शांतपणा एकाएकी फाटला. "कितीदा सांगितलं तुला," तो लेकीला म्हणाला. "तोंड आवरलं नाहीस, तर आत्यासारखी होशील."

 दारात जयमाला उभी होती. ती त्याच्यासाठी चहा घेऊन आली होती.

मैत्री उठून बापासमोर उभी राहिली. "मला आत्यासारखंच व्हायचंय, बाबा," ती म्हणाली. तिचे गाल ओले झाले होते, पण आवाज ठाम होता. "वड्या मी खाल्ल्या होत्या. भुकेनं डोळ्यांपुढे अंधारी आली होती माझ्या. आत्यानं दिवसभरात पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. तुम्ही तिला विचारलंत, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली."

विवेक बहिणीकडे पाहत राहिला. जिनं त्याला शिकवण्यासाठी खिचडीच्या धुरात आयुष्य काढलं, त्याची लेक अंगाखांद्यावर खेळवली, तिला त्यानं आज पाहुण्यांपासून लपवून ठेवलं होतं... तो उठला आणि तिच्या सुजलेल्या पावलांवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडू लागला. जयमालाला वाकता येईना. ती त्याच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली, आणि तिथंच तिचा श्वास अडकला.

अलिबागच्या इस्पितळात कळलं, की हृदय कधीचंच थकलं आहे, आधी आणलं असतं तर पुष्कळ काही करता आलं असतं. आता औषधं द्यायची आणि जपायचं. किती दिवस, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि विवेकला विचारायचा धीर झाला नाही.

जयमाला घरी आली त्या आठवड्यात विवेकने भर विहारात उभं राहून सगळं सांगितलं. भंतेजींनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, की संयम आपण स्वतःसाठी घ्यायचा असतो आणि करुणा दुसऱ्याला द्यायची असते. आपल्या हातून उलटं झालं.

दुसऱ्याच दिवशी रखमाबाई आल्या. जयमालाच्या खाटेशी बसून त्यांनी तिचा हात हातात घेतला. "आम्हाला ठावं नव्हतं गं. तू खाल्ल्याच न्हाईस, आन् आम्ही तुला..."

 जयमालाच्या मनात राग उरला नव्हता. फक्त जन्मभराचा एक प्रश्न होता, जो कुणाला विचारायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं.

"आणि मीच खाल्ल्या असत्या तर, काकी?" तिनं हळूच विचारलं. "मग बरोबर झालं असतं का?"

 रखमाबाईंनी कितीतरी वर्षांत कुणासमोर डोळ्यांतून पाणी काढलं नव्हतं. त्या दिवशी त्या पदरात तोंड घालून हुंदके देत राहिल्या, आणि जयमालाच त्यांची समजूत काढत राहिली.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपणार होता. जयमालाला एकच इच्छा उरली होती, भंतेजींसमोर जाऊन मोडलेलं शील पुन्हा घ्यायची. पण विहाराची चढण तिला चढवणार नव्हती. खाटेवरून मोरीपर्यंत जाताही धाप लागत होती. मैत्रीनं ट्रंकेतून पांढरं पातळ काढून तिला नेसवलं, तेव्हा ती म्हणाली, की नको, मी इथूनच हात जोडीन.

तोवर अंगणात पावलं वाजली. महिला मंडळाच्या बायका आल्या होत्या, साऱ्या पांढऱ्या पातळांत. त्यांनी विहारातली हात असलेली लाकडी खुर्ची आणली होती. जयमाला गोरीमोरी झाली. कळत्या वयापासून तिनं कुणाला आपल्याला उचलू दिलं नव्हतं, होडीत चढतानाही कुणाचा हात घेतला नव्हता. पण मैत्रीनं आणि विवेकनं तिला अलगद खुर्चीत बसवलं आणि चहूबाजूंनी हात लागले. खुर्ची जमिनीवरून उचलली गेली. चढणीला लागताच बायकांचे श्वास जड झाले, एकीचा पाय सरकला, लगेच दुसरी तिच्या जागी आली.

जयमालानं लाजेनं डोळे मिटून घेतले. "ठेवा गं मला खाली," ती कळवळून म्हणाली. "मी फार जड आहे."

रखमाबाई खुर्चीच्या पुढच्या पायाला धरून चालत होत्या. म्हातारीच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"जड हायेस," त्या म्हणाल्या. "म्हनून तर एवढ्या जनी आलोय."