पांढरी पडलेली फौज

"तुमच्यात मुडद्यांचं खातं कोण बघतं?"

दारातूनच ब्रायोनीने विचारलं आणि हातातला पत्र्याचा मोठा डबा टेबलावर असा आदळला, की तिथं चाललेली अख्खी लढाई हादरली. दोन घोडेस्वार आडवे झाले. एक झाड नदीत पडलं.

इंग्लंडमधल्या न्यूअर्क गावी, चर्चमागच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी दहा-बारा पुरुष जमायचे. दोन पेरांएवढे धातूचे सैनिक, हिरव्या कापडाच्या टेकड्या, फासे, मोजपट्ट्या आणि चारशे वर्षांपूर्वीची भांडणं. राजा विरुद्ध पार्लमेंट. गावात लोक त्यांना हसत. हसणाऱ्यांच्या स्वतःच्या संध्याकाळी कुठं जातात ते विचारू नका, हातातल्या फोनमध्ये बोट घासत जातात. असो.

"मुडद्यांचं कुणाकडे नाही," नदीतलं झाड उचलत एक उंच तरुण म्हणाला. "झाडांचं माझ्याकडे आहे. काय झालं?"

ब्रायोनीने झाकण उघडलं. आत तीनशे सैनिक... पांढरेफटक. पिठात घोळवून काढल्यासारखे. लाल डगले, पिवळे पट्टे, घोड्यांचे तांबूस पाय, सगळ्यावर दाट धुकं.

"डेस्मंडची फौज!" क्लबचे सेक्रेटरी, म्हातारे मॉरिस, खुर्चीतून अर्धे उठले.

डेस्मंड म्हणजे ब्रायोनीचे वडील. मार्चमध्ये गेले. दोन आठवड्यांनी क्लब त्यांच्या आठवणीत मोठी लढाई लावणार होता, त्यांच्याच फौजेची. हात लागून रंग घासतील, तेव्हा एकदा वार्निशचा फवारा मार, असं मॉरिसनीच तिला फोनवर सांगितलं होतं.

"कधी मारलंत?" उंच तरुणाने विचारलं.

"आज सकाळी. मागच्या अंगणात."

"पावसात?"

"पाऊस थांबला होता! मी काय वेडी आहे?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. दमट हवेत वार्निशचा फवारा मारला की तो पांढरा पडतो. ही चूक त्या हॉलमधल्या प्रत्येकाने आयुष्यात एकदा केलेली होती.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं," ब्रायोनी सावकाश म्हणाली. "कॉलर निळी की करडी यावर तुम्ही तासभर घसा फोडता. आणि 'बाई, कोरड्या दिवशी मार' हे चार शब्द कुणाच्या तोंडून फुटले नाहीत? चाळीस वर्षं घालवली त्या माणसाने यात. मी एका मिनिटात मातीत घातली."

मॉरिसचे कान लाल झाले.

तरुणाने एक भालाईत उचलला. खिशातून बारीक कुंचला काढला, शेल्फवरच्या चकचकीत वार्निशच्या बाटलीत बुडवला आणि सैनिकाच्या छातीवरून एकदाच, हलकेच फिरवला.

धुकं विरलं. खालून डगला उमलला... लालभडक.

त्या माणसाची बोटं जाड होती, नखांपाशी फुटलेली. अशी बोटं एवढ्या नाजूक कामाला लागलेली ब्रायोनीने पाहिली नव्हती. तिने नजर वर केली. तो आधीपासून तिच्याकडेच बघत होता.

"रंग गेलेले नाहीत," तो म्हणाला. "प्रत्येकाला असा हात फिरवायचा. मग पुन्हा बिनचमकीचं, मॅट वार्निश, तेही कुंचल्यानेच."

"तीनशे आहेत."

"तीनशे बारा. मी अकरा वर्षं लढलोय त्यांच्याशी. कीरन वॅग्स्टाफ. छपरं दुरुस्त करतो."

"छपरंवाला म्हणजे पावसाचं कळतं तुम्हाला," ती म्हणाली. "उद्या सहाला या. चहा माझा, हात तुमचा."

तो आला. रोज आला. ब्रायोनी न्यूअर्क-लिंकन मार्गावर बस चालवायची. दिवसभर लोकांची तोंडं बघून परतली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिला हे गप्प लोक बरे वाटू लागले. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला कीरन, मधे चहाची किटली आणि रांगेने उजळत जाणारी राजाची फौज. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही' कुठं गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"कुंचला असा धरतात? झाडू आहे का तो?"

"मग दाखव ना धरून."

त्याने दाखवलं. तिच्या बोटांवर बोटं ठेवून... जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ. सैनिकाच्या टोपीला दोनदा वार्निश लागलं.

"सात दिवसांत तू एकदाही बाबांबद्दल चांगलं बोलली नाहीस," एका संध्याकाळी तो म्हणाला.

"काय बोलू? शाळेच्या नाटकात मी राणी होते. हा माणूस कुठल्या तरी गावी लढाई खेळायला गेला. माझे रविवार या शिशाच्या लोकांनी खाल्ले, कीरन. एकदा ती लढाई होऊ दे. मग हे सगळं क्लबच्या कपाटात ठेवणार आणि सुटणार."

त्याचा कुंचला थांबला. "मग रविवारी काय करशील?"

"झोपेन."

"हं," तो म्हणाला आणि खाली मान घालून एकाच घोड्याला कितीतरी वेळ वार्निश लावत बसला.

शेवटचा ट्रे काढला आणि ब्रायोनी हसत सुटली. चोवीस भालाईत. रंगाचे थरच्या थर, डोळे घुबडासारखे, विजारी जांभळ्या. एकाचं तोंड चक्क हिरवं.

"हे काय ध्यान? बाबांचा हात असा नव्हता."

कीरनने हिरव्या तोंडाचा भालाईत उचलून तिच्यासमोर ठेवला.

"कुणी रंगवलंय?"

"तू. सात वर्षांची असताना."

तिचं हसू जागच्या जागी थांबलं. टर्पेंटाइनचा वास, बाबांची मांडी, आपल्या मुठीवर त्यांची मूठ... कुठून तरी खोलातून वर आलं.

"आम्ही सगळे त्यांना म्हणायचो, ती पलटण धुऊन काढा, परत रंगवा," कीरन म्हणाला. "ते म्हणायचे, हात लावून तर बघा. प्रत्येक लढाईत आणायचे. टेकडीमागं उभी करायचे. पुढं कधी काढली नाही, एकदाही नाही. फौज मोडली तरी ते चोवीस जण टेकडीमागं सुखरूप."

ब्रायोनीने तो हिरव्या तोंडाचा भालाईत तळहातावर घेतला.

"अजून एक आहे," त्याने कुंचला खाली ठेवला. "मला ते कळलं होतं. टेकडीच्या बाजूने हा माणूस कधीच उलट हल्ला करणार नाही, हे मी ओळखलं होतं. दर वेळी तिथूनच घुसलो. लागोपाठ सहा लढाया जिंकलो. अजून कुणाला सांगितलं नाही."

"म्हणजे माझ्यावरच्या मायेवर तू कप जिंकलेस?"

"...हो."

"निघ इथून."

तो उठला. दारात वळला. "माझ्यावर कितीही चिड. त्यांच्यावर नको."

दोन दिवस तो आला नाही. ब्रायोनीने जांभळ्या विजारी एकटीने उजळवल्या. हिरव्या तोंडाशी पोचल्यावर तिला रडू फुटलं. चांगलं मोकळं, नाक वाहेपर्यंत. बावीस वर्षं तिने हिशोब उलटा मांडला होता. तो माणूस बोलायला कच्चा होता, नाटकाला यायला हवा होता, ते तिने माफ केलं नाही, का करावं? पण ज्याला प्रेम तोंडाने सांगता येत नव्हतं त्याने ते टेकडीमागं उभं केलं होतं, आणि त्यापायी तो चारचौघांत हरत राहिला होता. आणि हे तिला कळलं कुणामुळं? कीरन गप्प बसला असता तर त्याचं काहीच बिघडलं नसतं.

रविवारी हॉल भरला होता. राजाची फौज मॉरिस लढवणार असं ठरलेलं. ब्रायोनीने त्यांच्या हातातली मोजपट्टी काढून घेतली.

"मॉरिसकाका, तुम्ही फक्त नियम सांगा. लढणार मी."

"अगं पोरी, नियमांची वही शंभर पानांची आहे!"

"मग बोलत राहा."

समोर पार्लमेंटच्या फौजेमागं कीरन उभा होता. दाढी केलेली, डोळे सुजलेले. दोघांनी एकमेकांना नुसती मान हलवली.

टेकडीमागची चोवीस माणसं तिने उचलली आणि सगळ्या फौजेच्या पुढं, उघड्या मैदानात मांडली.

सगळे टेबलाशी सरकले. कीरनचं घोडदळ बरोबर समोर होतं. त्याने मोजपट्टी उचलली, ठेवली. परत उचलली.

"माझ्यावर दया केलीस तर याद राख," ती म्हणाली. "बाबांवर केली होतीस?"

तो तुटून पडला. फासे खळखळले. त्याचे पाच, सहा, सहा. तिचे एक, दोन, एक.

"पळाले!" मॉरिस ओरडले.

आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. टाळ्या, शिट्ट्या, टेबलावर मुठी.

"हे काय? मी हरले ना?"

"आमचा रिवाज आहे, पोरी," मॉरिस डोळे पुसत म्हणाले. "पहिल्यांदा लढाईत उतरलेली पलटण पळतेच. पळाली की उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ही पलटण बावीस वर्षं टाळ्यांची वाट बघत होती."

ब्रायोनी हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. या बावळट, हट्टी माणसांनी तिची ती जांभळ्या विजारींची पलटण इतकी वर्षं चालवून घेतली होती. तिने मॉरिसचा सुरकुतलेला हात घट्ट धरला. "थँक्यू, काका. सगळ्यांना. मनापासून." याहून जास्त तिला बोलता येईना. बापाचीच लेक.

संध्याकाळी डबे भरले गेले. कीरन कपाटाचं दार धरून उभा होता.

"ठेवू?" त्याने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला..." त्याने कपाळ चोळलं. "मला माणसाची सवय ओळखून त्याला हरवता येतं, ब्रायोनी. माणसाला विचारायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते."

"चिकटू दे. विचार."

"फौज नेलीस तरी चालेल. परत नाही खेळलीस तरी चालेल. पण सहा वाजले की मी रोज... तुझ्या दाराकडे निघतो. दोन दिवस अर्ध्या वाटेतून परतलोय." त्याने मान वर केली. "प्रेम करतो मी तुझ्यावर. झालं. सांगितलं."

ब्रायोनीने कपाटाचं दार ढकलून बंद केलं आणि डबा आपल्या काखेत मारला.

"तू ती गोष्ट मला सांगितली नसतीस, तर मी माझ्या बापावर चिडून चिडूनच म्हातारी झाले असते," ती म्हणाली. "ते मी जन्मभर विसरणार नाही. आता ऐक. शनिवारी शेवटची फेरी चारला सुटते. पुढच्या सीटवर बस. तिकीट लिंकनपर्यंतचं काढ."

"आणि लिंकनला उतरल्यावर?"

"उतरल्यावर माझे दोन्ही हात मोकळे असतात."

तो हसला. आणि तिला शनिवारपर्यंत थांबवेना. डबा सावरत ती टाचा उंचावून उभी राहिली, आणि मॉरिसकाका खोकले तरी दोघांनीही तिकडे वळून पाहिलं नाही.