काचेच्या घुमटातली अंगठी

आजींच्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी आजींची अंगठी गेली.

शनिवारी सकाळी इलेक्ट्रिशियन चौकशीवाल्या बाईंच्या दारात उभा राहिला. बाई खाजगी तपास करत. त्यांचा धाकटा भाऊ सोबत असे, मुख्यतः पिशवी धरायला.

"गुरुवारी आजींच्या घरातले सगळे दिवे बदलले," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "काल आजी हॉस्पिटलातून परतल्या, लेकीपाशी होत्या. खोलीतल्या दिव्याच्या काचेच्या घुमटात त्यांनी अंगठी लपवली होती म्हणे. घुमट मी उतरवला, म्हणून चोर मी. गल्लीतल्या चार घरांनी कालच कामं रद्द केली. चोराला शिडी घेऊन घरात कोण घेईल, बाई?"

"उतरवला तेव्हा आत काय होतं?"

"काही नाही. बाकीच्या घुमटांत मेलेले किडे, बोटभर धूळ. हा मात्र धुतल्यासारखा."

"बरंच की," भाऊ म्हणाला. "तेवढेच हात कमी मळले."

बाईंनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि त्या आजींच्या घरी निघाल्या.

आजींची सून स्वयंपाकघरातच बोलली.

"सोमवारी सकाळी सासूबाई हॉस्पिटलात गेल्या. संध्याकाळी त्यांची शाल आणायला खोलीत गेले, बटण दाबलं, तर दिवा चमकला आणि गेला. म्हटलं, सगळेच जुनाट झालेत, एकदम बदलू. अंगठीचं मला काय स्वप्न पडलं होतं?"

"दिवा गेल्याचं कुणाला सांगितलंत?"

"सांगू कुणाला? नवरा रविवारपासून बाहेरगावी. दीर घरात असून नसल्यासारखे."

दीर, म्हणजे आजींचा धाकटा मुलगा, बैठकीत पाय पसरून बसला होता.

"अंगठी तिथे असते हे मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "दिवा लावला की काचेवर गोल सावली दिसायची. बुधवारी संध्याकाळी आईच्या खोलीत पेपर वाचत होतो, तेव्हाही दिसली. गुरुवारी हा शिडीवर चढला. आणखी काय हवं?"

"ताई," भाऊ कुजबुजला, "पक्का साक्षीदार मिळाला."

"फारच पक्का," बाई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्यांना आजींच्या खोलीत बोलावलं. इलेक्ट्रिशियन दाराशीच थांबला.

"एवढा एकच घुमट पुसलेला होता," बाईंनी सुरुवात केली. "धुळीत बोटं उमटतात, म्हणून कुणीतरी तो पुसला. म्हणजे इलेक्ट्रिशियनच्या आधी दुसरं कुणी तिथवर पोचलं होतं. आजी सकाळी गेल्यावर, सोमवारी दुपारी. सावली बघून हात घालायचा, म्हणून दिवा चालूच ठेवला. तापलेल्या दिव्याला धक्का लागला की काय होतं हो?"

"आतली तार कच्ची होते," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "पुढच्या वेळी बटण दाबलं की चमकून जातो."

"तसाच गेला. म्हणजे इलेक्ट्रिशियनला या घरात बोलावलं ते चोरीनंच. आता बुधवारचं बघा. या खोलीतला दिवा दोन दिवसांपूर्वीच गेलेला. तरी त्याच्या उजेडात हे धाकटे चिरंजीव पेपर वाचत होते आणि वर सावलीही पाहत होते. दिवा गेलाय हे ज्याला माहीतच नाही, तो सोमवारच्या चोरीनंतर इकडे फिरकलेलाच नाही. मग न दिसलेली सावली सांगून दुसऱ्यावर आळ ढकलायची गरज चोराशिवाय कुणाला?"

भावाने पिशवी खाली ठेवली. "अरेच्चा. मीही ऐकलं होतं की हे."

आजींच्या धाकट्या मुलाने खिशातून अंगठी काढून पलंगावर ठेवली.

"तू ती अक्कालाच देणार होतीस, आई, जुळी झाली म्हणून. मला काय मिळणार होतं?"

"मागून तरी बघायचंस," आजी म्हणाल्या. "अंगठीचं सोड. दुसऱ्याच्या पोटावर पाय दिलास."

त्यांनी शाल घेतली आणि चपला घातल्या.

"चला हो," त्या इलेक्ट्रिशियनला म्हणाल्या. "कुठली ती चार घरं?"

दर दारात त्या एकच वाक्य बोलल्या: "चोर माझ्या पोटचा होता, हे नव्हेत." चौथ्या घरातल्या बाईने तिथेच सोमवारचं काम सांगितलं.

पुढच्या वर्षी, दहा मार्चला सकाळी, आजी वारल्या; अंगठी तोवर अक्काच्या बोटात होती.