आईंच्या आंघोळीचा टायमर

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

इंग्लंडात कॉव्हेंट्रीला राहणारी सुप्रभा माझी सख्खी मामेबहीण. गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. वेळ दुपारी साडेतीनची. रात्रीची नव्हे, हे आधीच सांगते.

सुप्रभाचं टायमरशिवाय पान हलत नाही. ती घरून काम करते, त्यामुळे लॅपटॉप स्वयंपाकघरात उघडाच. त्यावर ऑनलाइन टायमर. भाताला बारा मिनिटं, चहाला चार. आणि सासूबाई होत्या तोवर, त्यांच्या आंघोळीला पंधरा.

सासूबाई कडक सोवळ्याच्या. आंघोळीपासून पूजा होईपर्यंत कुणी जवळसुद्धा यायचं नाही. बाथरूमला आतून कडी. म्हणून दोघींचं ठरलेलं होतं. टायमर वाजला की सुप्रभाने जिन्यातून हाक मारायची, "आई, झालं का?" त्या तांब्या टबवर आपटायच्या.

ठण्. म्हणजे झालं.

आदल्या वर्षी एके दिवशी टायमर वाजला, तेव्हा सुप्रभा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिने तो बंद केला आणि हेडफोन लावून बोलत राहिली.

मीटिंग संपली तेव्हा टायमर वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

दार तोडलं. सासूबाई फरशीवर पडलेल्या. गार. हातात तांब्या तसाच. टबच्या कडेचा रंग उडाला होता... किती वेळा आपटला असेल, कोण जाणे.

तिचा नवरा मिलिंद स्वतः डॉक्टर. त्याने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "टायमर वाजला आणि मी लगेच वर गेले."

त्याने तिला जवळ घेतलं. "तू होतीस म्हणून. नाहीतर आई एकटीच गेली असती गं."

त्याला बरोबर एक वर्ष झालं, त्या दुपारी तिने भात टाकला. टायमरवर बाराचा आकडा घातला.

स्क्रीनवर आलं... ४०:००.

हात चुकला असेल, म्हणून तिने पुन्हा बारा घातलं. ३९:५१. आकडे उतरतच होते.

शेगडीवरचा एक्स्ट्रॅक्टर पंखा आपोआप थांबला. बॉयलरची घरघर थांबली. बाहेरच्या रस्त्यावर एक गाडी नाही.

आणि वरून...

ठण्.

तांब्या घरात नव्हताच. मिलिंदने तो अस्थींबरोबर पुण्याला नेऊन ठेवला होता.

ती वर गेली. बाथरूमचं दार बंद. नव्या दाराला मिलिंदने कडी लावलीच नव्हती. तरी ते उघडेना. तिने खांदा लावला, लाथा मारल्या. आतून आवाज येत होता, अगदी खालून, फरशीलगत.

शेवटी ती रडत म्हणाली, "आई... झालं का?"

आवाज थांबला.

मग सुरू झाला तो थांबेचना. ठण् ठण् ठण् ठण्...

खाली टायमर वाजला, तेव्हाच दार आपोआप उघडलं. आत कुणी नाही. फरशी कोरडी ठणठणीत.

संध्याकाळी मिलिंदने पातेलं पाहिलं. "एवढा कसा करपला? टायमर लावला नव्हतास?"

"लावला होता," ती म्हणाली.

हे सगळं तिने मला परवा दुपारी फोनवर सांगितलं. मी तिच्यापेक्षा मोठी, म्हणून जरा रागावूनच म्हटलं, "त्याला खरं काय ते सांगून टाक बाई. त्याशिवाय सुटका नाही तुझी."

"कसं सांगू, ताई? तो अजून सगळ्यांना सांगतो, सुप्रभा होती म्हणून..."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी भांड्याचा आवाज झाला.

"मिलिंद आलाय का?" मी विचारलं.

"नाही, तो हॉस्पिटलमध्ये आहे." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आता रोजचंच आहे हे. लॅपटॉप बंद ठेवला तरी. तू बोलत राहा, ताई, फोन ठेवू नकोस... अजून अकरा मिनिटं आहेत."