लिनार्दोसची राखण

लिनार्दोस माणूस वाईट नव्हता. वाईट व्हायलाही थोडे कष्ट पडतात. माझ्या शेजारचाच होता, म्हणून खात्रीनं सांगतो. टाका ते लाकूड शेकोटीत आणि ऐका.

यंदाच्या नऊ जानेवारीची रात्र. हेरा देवीच्या पडक्या देवळाखालच्या संत्र्याच्या बागांना थंडीत गाव रात्रीचा राखणदार ठेवतं. काम एवढंच, पारा शून्याला आला की पंप सुरू करायचा. झाडांवर पाणी उडतं, फळावर बर्फाचं कवच धरतं आणि आतलं फळ वाचतं. उशीर झाला की बाग गेली. दियामांतो म्हातारीची बाग दोन वर्षांपूर्वी अशीच गेली होती. यंदाही गेली तर ती विकून अथेन्सला सुनेच्या दारात जायचं, हे तिचं ठरलेलं.

संध्याकाळी ती कॉफीच्या दुकानात आली. "लिनार्दोस, बाळा, डोळा लागू देऊ नकोस."

"मावशी, मी काय आर्गस आहे? अंगभर शंभर डोळे, खुद्द हेरानं राखणीला ठेवलेला, आणि कोणी बासरी वाजवली तर शंभरच्या शंभर मिटले! मान कापली तरी जाग नाही. असला बैल मी दारात उभा केला नसता."

"इथं त्याला हसू नये रे. तीनदा थुंक. थू, थू, थू कर."

"कुणाला भिऊन? त्या झोपाळ्याला?"

दुकान हसलं. म्हातारी एकटीच थुंकली.

अकराला गडी तिच्या बागेच्या कडेला खोपटात बसला. साडेअकराला घोरू लागला. शंभर डोळ्यांना निदान बासरी लागली होती; याला शेगडी पुरली.

तीन वाजून दहा मिनिटांनी जाग आली. पारा शून्याखाली तीन.

"मेली म्हातारी, बाग गेली..."

तो पंपाकडे धावला. आणि थांबला.

पंप चालू होता.

"कोण आहे?"

पाणी पडत होतं. काळोखात दोन ठिपके उघडले. मग चार. मग देवळाच्या बाजूला... झाडांच्याही वर... एकही मिटेना.

तो मागं सरला. खोपट. दार. कडी. फटीतून पाहिलं.

ते बघत होते.

त्यानं डोळे मिटले.

उघडले.

जवळ आले होते...

मग त्यानं मिटलेच नाहीत. उजाडेपर्यंत.

सकाळी म्हातारी रडत आली. सगळी बाग वाचली होती. तिनं त्याचे हात कपाळाला लावले. "जागलास रे, पोरा!"

"जागलो, मावशी," तो म्हणाला. जन्मात एकदा खरं बोलला, तेही अर्धंच.

मी तिच्यामागून बागेत शिरलो होतो. प्रत्येक संत्र्यावर जाड बर्फ. आणि प्रत्येकावर एकच जागा मोकळी राहिलेली, गोल, नाण्याएवढी. मी झाडांना वळसा घालून पाठीमागून पाहिलं. तिकडून एकही मोकळी जागा दिसेना.

सगळ्यांचा रोख खोपटाच्या दाराकडे होता.