मधल्या भिंतीतलं दार

"मावशी, हात सहज टेकेल तिथेच खूण करा. उगाच ताणू नका," आर्किटेक्ट मुलगी म्हणाली.

म्हातारपणी पुन्हा बिऱ्हाड हलवायला नको, म्हणून बारा कुटुंबांनी मिळून घरं बांधायला घेतली होती. स्वयंपाकघर सगळ्यांचं एक, दिवे उन्हावरचे, वापरायला साठवलेलं पावसाचं पाणी. आणि भिंतीवरची आधाराची दांडी मात्र ज्याच्या-त्याच्या उंचीची. मावशीने डाव्या हाताने खडू टेकवला, तोच मागून आवाज आला—

"टायपिस्टबाई, अजून डावखुऱ्याच?"

खडू मोडला. चाळीस वर्षांत तिला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. वळून बघते तर... जुन्या ऑफिसच्या नकाशे विभागातला तो! केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली, पण हसणं तेच, एका गालातलं. शेजारचं घर त्याचंच निघालं.

मग दर रविवारी विटांच्या ढिगावर बसून थर्मासमधला चहा सुरू झाला. तिचे मिस्टर जाऊन आठ वर्षं झालेली, त्याची बायको जाऊन पाच. गप्पा मात्र त्याही आधीच्या निघायच्या. ऑफिसातला कुरकुरणारा पंखा, कार्बनने काळी झालेली बोटं...

"तो गटारांचा अहवाल मी चारदा टाइप करून घेतला होता, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! दरवेळी एकच शब्द बदलायचात."

"तुमच्या टेबलाशी यायला काहीतरी निमित्त नको?"

ती हसू दाबत म्हणाली, "आणि मी दरवेळी एक चूक मुद्दाम ठेवायचे."

त्याने चहाचा कप विटांवर ठेवला. "मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले... आणि तुमची बदली झाली."

तेवढ्यात आर्किटेक्ट नकाशा घेऊन आली. "तुमच्या दोघांच्या मधली भिंत उद्या बांधायला घेतोय. हवं तर मधे दार ठेवता येतं, आजारपणात सोयीचं पडतं. काय करू, काका?"

तो चष्मा पुसू लागला. "म्हणजे... त्यांची अडचण नसेल तर..."

आताही हा बोलणार नव्हता! लेक काय म्हणेल, बाकीची दहा घरं काय म्हणतील, सगळं क्षणात डोक्यात येऊन गेलं.

"ठेव दार," ती म्हणाली. "आजारपणासाठी नाही. रोजच्यासाठी."

आर्किटेक्टने पेन्सिल उचलली. "कडी कुणाच्या बाजूने?"

"कडी कशाला?" ती म्हणाली.

आणि सत्तरीचा तो माणूस कानांपर्यंत लाल झाला.