कृतिकाच्या हाताचे होल्ड

देवासच्या बसस्टँडवर मावठ्याची भुरभुर लागली होती आणि नेमकं तेव्हाच उर्वीच्या हातातलं पोतं फाटलं.

पोत्यातून बटाटे नाही निघाले की कांदे. निघाले लाल, पिवळे, निळे, वेडेवाकडे गोळे, नि गडगडत गेले थेट चिखलात. "अगबाई!" म्हणून उर्वी त्यांच्यामागे धावली. एक पिवळा गोळा इंदूरच्या बसखाली जाता जाता कुणीतरी उचलला. उंच, सावळा, पाठीवर सॅक. आता माणसानं वस्तू उचलली की परत द्यावी की नाही? ह्यानं नाही दिली. चार बोटांची टोकं गोळ्याच्या काठावर रोवली आणि डोळे मिटून पकड बघितली.

"हा तर चढायच्या भिंतीचा होल्ड आहे," तो म्हणाला. माळव्यात मराठी माणूस दुसऱ्याला असाच ओळखतो, एका 'अगबाई'वरून. "देवासला कसा?"

"का? भिंती काय फक्त पुण्यालाच असतात?" उर्वी फणकारली. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा मुक्कामाला. "द्या इकडे."

"कुठं मिळतात हे?"

"मी घडवते."

त्यानं मान वर केली. पाहिलं... आणि पाहतच राहिला. पावसाचा एक थेंब त्याच्या भुवईवरून गालावर उतरला, तरी त्याला पुसायचं सुचलं नाही. उर्वीनंच मग पोतं छातीशी धरून नजर वळवली.

त्याचं नाव धवल. धारचा, तिरल्याच्या शाळेत खेळाचा मास्तर. मांडूकडच्या खडकांवर चढायचा नाद, आणि सध्या घरामागच्या अंगणात प्लायवुडची भिंत उभी करून बसलेला. भिंत तयार, पण धरायला काही नाही. "दिल्लीहून मागवणार होतो," तो म्हणाला, "आता कशाला मागवू?"

उर्वीचं वर्कशॉप म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतली एक पत्र्याची शेड. फोम कोरून आकार द्यायची ती, आणि साच्यात रेझिन ओतायचे विक्रमसिंह, पांढऱ्या मिशांचे माळवी कारागीर. होल्डांना त्यांनी आपली नावं ठेवली होती. मुठीत सहज बसणारा तो 'कढईचा कान', बोटांच्या पेरांवरच तोलायचा ते 'बिस्किट', आणि काही केल्या हातात न राहणारं गुळगुळीत ते 'टक्कल'. आणि उर्वीचा एक नियम होता. घरची भिंत असेल तर चढणाऱ्या प्रत्येकाचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून आणायचा. हात बघितल्याशिवाय ती होल्ड निवडून देत नसे.

पुढच्या शनिवारी धवल दोन कागद घेऊन हजर. पहिला पंजा त्याचा, हे तिनं बघताक्षणी ओळखलं. बसस्टँडवर तिनं तो हात बघितला होता ना, जरा जास्तच बघितला होता. दुसरा पंजा मात्र निमुळता, लांब बोटांचा, करंगळीसुद्धा ऐटीत.

"हा कुणाचा?"

"कृतिकाचा." अगदी सहज.

झालं! कागद टेबलावर ठेवताना तो जरा आपटलाच गेला.

बरं, होल्ड घेऊन गेलेला माणूस गप बसावा? पुढच्या शनिवारी पुन्हा दारात. "कृतिकाला हे टोचतात." त्याच्या पुढच्या शनिवारी, "कृतिकाला पिवळे नकोत." मग म्हणे कृतिकाला जरा मोठे हवेत, आणि मग म्हणे नकोच, होते तेच बरे होते! शंभर किलोमीटर, मध्ये इंदूरला बस बदलायची, नि सगळं काय, तर कृतिकासाठी.

पण गंमत अशी की बदलाबदली दहा मिनिटांत उरके आणि तो मात्र संध्याकाळपर्यंत हलत नसे. कधी शेव घातलेले पोहे, कधी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं दोघांनाही कळलं नाही.

"तुझ्या केसांत फोमचा भुगा आहे," एकदा पायऱ्यांवर तो म्हणाला.

"असू दे."

"काढू?"

"...काढ."

भुगा चिमूटभर, आणि काढायला लागलं अर्धं युग. उर्वीनं श्वास धरून ठेवला होता. वाटलं, आता म्हणेल, आता काहीतरी म्हणेल...

"कृतिकाचे केस पण असेच आहेत," तो म्हणाला.

एखाद्याला टेकडीवरून ढकलून द्यावं असं वाटतं ते अशाच वेळी. उर्वीनं ढकललं नाही, पण विचारलं मात्र. "कोण आहे ही कृतिका?"

"माझ्या मामाची मुलगी. कुक्षीला तहसील कचेरीत आहे. शनिवार-रविवार आमच्याकडेच असते. का?"

"काही नाही. सहज."

सोमवारी विक्रमसिंहांनी तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि सगळं काढून घेतलं. ऐकून ते खो खो हसले. "अरे बेटा, मामा की छोरी तो बेन होय! इसमें क्या रोना?" मामाची मुलगी म्हणजे बहीण! उर्वीच्या डोक्यावरचा धोंडाच उतरला. ती दिवसभर गुणगुणत फोम कोरत होती.

घरी जाऊन आईपाशी, वासंतीबाईंपाशी, तिनं हळूच खडा टाकला. "आई, एक गिऱ्हाईक आहे धारचं... मामाच्या मुलीचे फार लाड करतो गं."

वासंतीबाई कणीक मळता मळता म्हणाल्या, "करणारच की. मामाची मुलगी म्हणजे पहिल्या हक्काची. आपल्यात विचारायचीसुद्धा गरज नसते. मामानं नारळ दिला की उडाला बार." मग त्यांनी वळून पाहिलं. "का गं? तुझं तोंड का असं?"

उर्वी उठून आत गेली. विक्रमसिंहांच्या माळवी घरात जी बहीण, तीच आपल्या मराठी घरात नवरी! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतके शनिवार ती आपल्या हातांनी, आपल्याच सवतीसाठी होल्ड घडवत होती. आणि त्या रागात तिनं जे केलं ते तिनं करायला नको होतं. कृतिकाच्या शेवटच्या खोक्यात तिनं मुद्दाम, निवडून निवडून, सगळी टकलंच भरली. लांब बोटं ना तिची? घसरू देत.

होल्ड बसवायला रविवारी ती धारला गेली. धवलच्या आई विद्युल्लताबाईंनी चहा दिला, मोजकंच बोलल्या. आणि कृतिका? हसरी, उंच, मोकळी. उर्वीला वाटलं होतं नाकं मुरडणारी कुणी बाहुली असेल. तिनं तर आल्याआल्या बोल्टची पिशवी उचलली. अशा मुलीचा रागही धड करता येईना, म्हणून उर्वीला जास्तच राग आला. खालून धवल होल्ड द्यायचा, शिडीवरून उर्वी ते आवळायची. देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागत, नि दर वेळी तिला वाटे, हे हात थोड्या दिवसांनी दुसरीचे होणार. डोळे भरून आले तसे तिनं बोल्ट आणखी आवळले.

"मी आधी!" म्हणत कृतिका चढली. तीन हात वर, पाच, सात... आणि पहिल्याच टकलावरून तिची बोटं सटकली. धप्पकन ती खालच्या गादीवर पडली आणि कोपर धरून कळवळली.

"हलवून बघ... हात हलवून बघ गं!" उर्वी धावत जाऊन गुडघ्यांवर बसली. हात हलत होता, नुसतं खरचटलं होतं. पण उर्वीला रडू आवरेना. "माझी चूक आहे. मुद्दाम दिले मी हे. तुझ्या हाताचे नाहीतच हे."

"मुद्दाम?" धवल आ वासून बघत राहिला. "तू? हात बघितल्याशिवाय एक होल्ड न देणारी तू? का पण?"

"जळत होते म्हणून! कृतिकाला टोचतात, कृतिकाला पिवळे नकोत, कृतिकाचे केस... दर शनिवारी कृतिका, कृतिका! माझा जीव तुझ्यात अडकलाय आणि तू माझ्याकडूनच तिचे लाड करून घेतोयस!"

बोलून गेली आणि तिनं ओठ चावला.

"एक मिनिट," कृतिका उठून बसली. "मी कधी म्हटलं पिवळे नकोत? मी तर हे आज पहिल्यांदा बघतेय!"

आता सगळ्यांच्या नजरा धवलकडे. मास्तर कानापर्यंत लाल.

"मग काय सांगणार होतो?" तो पुटपुटला. "दर शनिवारी यायला काहीतरी... निमित्त नको? म्हटलं, बहिणीचं नाव घेतलं तर कुणाला काही वाटणार नाही."

"बहीण?" उर्वी ओरडली. "मामाची मुलगी तुझ्या घरात बहीण कधीपासून झाली?"

"बहीणच की! शाळेत सगळे मित्र असंच म्हणायचे... मामा की लड़की यानी बहन. राखी बांधते ती मला!"

"लहानपणी बांधायची," दारातून आवाज आला. विद्युल्लताबाई होत्या. "मीच बंद केली, कारण मनात होतं. मी माझ्या दादाला बोलून ठेवलंय, धवल."

म्हणजे वासंतीबाई म्हणाल्या तेच खरं, उर्वीला वाटलं.

"आत्या, मला कुणी विचारलं का?" कृतिका कोपरावर फुंकर घालत म्हणाली. "ह्या उंटाला मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. ह्याच्याशी लग्न? त्यापेक्षा कचेरीतल्या फायली बऱ्या."

पण विद्युल्लताबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या. त्या मुलाकडे बघत होत्या. "शब्द मी दिलाय. मोडायचा असेल तर तू मोड. आत्ता, माझ्यासमोर. मला तोंडघशी पाडून पळ काढायचा नाही."

धवल थबकला. उर्वी खाली बघत राहिली. एवढा वेळ थांबतोय म्हणजे शब्द नाहीच मोडणार तो, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं पाना पिशवीत टाकला. निघायला वळली तसा त्यानं तिचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढून स्पीकरवर लावला.

"मामा? धवल बोलतोय. आई तुमच्याशी जे बोलली होती ना... ते नाही होणार, मामा. चूक आईची नाही, माझी आहे. मीच कधी बोललो नाही."

पलीकडून एक जाड आवाज. "कृतिकाला माहितीय?"

"माहितीय बाबा!" कृतिका गादीवरूनच ओरडली. "पेढे वाटा!"

मामांनी विचारलं, "कोण आहे मुलगी?"

धवलनं उर्वीकडे पाहिलं. ती रडून लाल, नाकाला धूळ लागलेली. "देवासची आहे, मामा. अजून विचारलं नाही मी तिला. ती रागावलीय."

"मग फोन कशाला करतोस, मूर्खा? आधी तिला विचार!" आणि फोन कटला.

"उर्वी..." तो म्हणाला.

"आधी शिडी धर," ती डोळे पुसत म्हणाली. "कृतिकाच्या रांगेतले होल्ड बदलायचेत मला. माझ्या हातून झालेलं वाईट काम ह्या भिंतीवर राहायला नको."

त्यानं शिडी धरली. एकेक टक्कल काढून ती खाली देत गेली, नि त्याच्या जागी कढईचे कान बसवत गेली. विद्युल्लताबाई दारातच उभ्या होत्या. बराच वेळ उर्वीच्या हातांकडे बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, "देवासला थोरल्या पातीकडचे का गं तुम्ही, की धाकट्या?"

देवासच्या दोन जुन्या गाद्या, थोरली पाती नि धाकटी; जुन्या मराठी घरात हा प्रश्न वाटसरूला नाही, सोयरीक जुळवताना विचारतात, हे उर्वीला ठाऊक होतं. "धाकट्या..." ती कशीबशी म्हणाली.

"बरं. उतरून हात धू, पानं घेतलीत."

त्या आत गेल्या. उर्वीनं खाली पाहिलं. धवल दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून, मान वर करून तिच्याकडे बघत उभा होता.

"येशील?" त्यानं विचारलं. "म्हणजे... कायमची?"

"येईन," ती म्हणाली. "पण पुढच्या शनिवारी तू देवासला ये. आणि काही निमित्त न सांगता ये."